थेरपिस्टचं काम नेमकं कुठे जड जातं?

थेरपिस्ट म्हटलं की लोकांच्या दोनच प्रतिक्रिया असतात. एक म्हणजे "बसून ऐकायचं आणि तासाचे पैसे घ्यायचे, बरंय की!" आणि दुसरी "बापरे, दिवसभर लोकांची दुःखं ऐकून यांचंच डोकं फिरत नाही का?" पहिल्यांना हे काम सोपं वाटतं, दुसऱ्यांना भयंकर, पण दोघांच्याही डोक्यात काम म्हणजे ऐकणं, बास. माझ्या जवळच्या ओळखीत काहीजणी हे काम करतात, त्यांच्याशी गप्पा मारताना आणि या विषयावरचं संशोधन चाळताना मला जे दिसलं ते जरा वेगळं आहे. दुःख ऐकणं जड असतंच, पण ट्रेनिंग त्याचंच असतं आणि हळूहळू माणूस तयार होतो. तयार होता येत नाही ते दोन गोष्टींसाठी. आपण करतोय त्याने समोरच्याला खरंच फरक पडतोय का हे धड कळत नाही, आणि ज्या गोष्टीने आपण आतून हललो ती घरी जाऊन कोणाला सांगताही येत नाही. बाकीच्या बऱ्याच अडचणी फिरून फिरून याच दोन ठिकाणी येतात.

आधी एक क्लिअर करून टाकते. सायकिअ‍ॅट्रिस्ट हे डॉक्टर असतात, औषधं लिहून देतात. थेरपिस्ट, काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट ही मंडळी मुख्यतः बोलण्यातून काम करतात. मी इथे या दुसऱ्या लोकांबद्दल बोलतेय, पहिल्यांचे ताप वेगळे आहेत आणि त्यावर वेगळा लेख होईल.

एक सेशन साधारण 45 ते 50 मिनिटांचं. बाहेरून बघाल तर दोन माणसं खुर्च्यांवर बसून बोलतायत, त्यातलं एक तर बराच वेळ गप्पच आहे. पण त्या गप्प माणसाच्या डोक्यात काय काय चालू असतं बघा: समोरची व्यक्ती काय म्हणतेय, म्हणताना आवाज मधेच का बदलला, मागच्या महिन्यात भावाबद्दल हीच व्यक्ती बरोब्बर उलटं बोलली होती, ते आत्ता काढावं का अजून थांबावं, घड्याळात किती वाजले (आणि घड्याळाकडे बघताना पकडलं जायचं नाही, ही एक वेगळीच कला), या माणसाच्या जिवाला धोका वाटतोय का, आणि हे सगळं ऐकताना मला स्वतःला काय होतंय. हे एकाच वेळी, तोंडावर काही न दाखवता. मग दहा मिनिटांचा ब्रेक, त्यात नोट्स लिहायच्या, पाणी प्यायचं, आणि पुढचा माणूस आत.

एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते. आपल्याला कुठे पोचायचंय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर भरवसा. त्यानंतर ढीगभर अभ्यास झाले आणि थेरपीची पद्धत कुठलीही असो, हे नातं जितकं पक्कं तितका परिणाम चांगला, हे बऱ्यापैकी सातत्याने दिसलंय. ऐकायला छान वाटतं, पण थेरपिस्टच्या बाजूने बघा. याचा अर्थ कामाचं मुख्य हत्यार ती स्वतःच आहे. रात्री झोप झाली नाही, घरी भांडण झालं, डोकं दुखतंय, तरी हत्यार तेच, बदलून दुसरं घेता येत नाही.

भावना सांभाळून काम करणं हे तसं बऱ्याच नोकऱ्यांमध्ये असतं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या एअर होस्टेसचा अभ्यास करून हे मांडलं की चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवणं हीसुद्धा मेहनत आहे आणि कंपनी त्याचे पैसे देते. एअर होस्टेसला हसरा चेहरा ठेवला की निदान काम तरी झालं. थेरपिस्टला ती सोय नाही, कारण कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये थेरपीत बदल घडायला काय लागतं ते लिहिलं त्यात समोरच्याला मनापासून समजून घेणं आणि अट न घालता स्वीकारणं याच्या जोडीला तिसरी गोष्ट होती खरेपणा, म्हणजे आत एक आणि बाहेर एक असं चालणार नाही. आता करा काय करायचं ते! खरं राहायचं, पण आपल्या मनात आलेलं सगळं समोरच्यावर ओतायचंही नाही, कारण वेळ त्याचा आहे, पैसे त्याचे आहेत. क्लायंट सांगतोय की मी मुलाला मारतो, आणि तुम्ही लहानपणी मार खाल्लेला आहे. अशा वेळी चेहरा दगड केला तर खोटं, आणि रडलात किंवा चिडलात तर तो माणूस पुन्हा तोंड उघडणार नाही. या दोन्हीच्या मधली जी चिंचोळी जागा आहे तिथे दिवसातून पाच-सहा तास उभं राहायचं, थकवा येतो तो याचा.

मेंदूवरच्या संशोधनातून याचा एक इंटरेस्टिंग भाग समोर आलाय. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या टीमने लोकांना दोन प्रकारचं ट्रेनिंग देऊन पाहिलं. आधी दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या आत अनुभवण्याचं, मग त्याच्याबद्दल माया आणि मदतीची इच्छा जागी ठेवण्याचं. पहिल्याने लोकांना जास्त वाईट, जड वाटायला लागलं, दुसऱ्यानंतर मूड सुधारला, आणि मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागलेले दिसले. म्हणजे "जास्त फील करणारा थेरपिस्ट चांगला" हे जे आपण धरून चालतो ते अर्धवटच आहे. समोरच्याबरोबर बुडणारा माणूस काही महिन्यांत संपतो. काठावर पाय रोवून हात देता यायला हवा, आणि ते जन्मजात नसतं, शिकावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा.

आता एक जरा अवघड विषय, ज्याबद्दल बाहेर फार कोणी बोलत नाही. थेरपिस्टला क्लायंट आवडतात, नावडतात, कंटाळा येतो, राग येतो, कधी आकर्षणही वाटतं. फ्रॉइडने 1910 मध्येच लिहून ठेवलं होतं की पेशंटमुळे डॉक्टरच्या मनातही काहीतरी ढवळलं जातं, त्याला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात, आणि तेव्हा त्याचं म्हणणं होतं की यावर डॉक्टरने मात केली पाहिजे. पुढे 1949 मध्ये विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने (म्हणजे फ्रॉइडच्या पद्धतीने काम करणाऱ्या थेरपिस्टने) सरळ कबूल केलं की काही पेशंट्सचा तिरस्कार वाटतो आणि तो ओळखून बाजूला ठेवता आला नाही तर घोळ होतो. दुसऱ्याच वर्षी पॉला हायमन या मनोविश्लेषक बाईंनी तर याच्याही पुढे जाऊन म्हटलं की ही भावना म्हणजे नुसता अडथळा नाही, ती माहिती आहे. म्हणजे कसं, तर एखाद्या क्लायंटबरोबर बसलं की तुम्हाला दर वेळी बावळट असल्यासारखं वाटतं. दोन शक्यता. एक, तुमचीच जुनी जखम आहे, शाळेतल्या कडक बाईंची आठवण वगैरे. दुसरी, हा माणूस सगळ्यांनाच असं वाटायला लावतो, बायकोलाही, ऑफिसातल्या लोकांनाही, आणि त्याचं आयुष्य अडकलंय ते नेमकं इथे. यातलं कुठलं खरं हे ओळखायचं कसं? एकट्याने बसून तर जवळजवळ अशक्यच. दुसऱ्या अनुभवी माणसाशी बोलावं लागतं, त्याला सुपरव्हिजन म्हणतात, त्याबद्दल पुढे येतेच.

आकर्षणाचं म्हणाल तर 1986 मध्ये अमेरिकेतल्या थेरपिस्टचा एक सर्व्हे झाला होता, त्यात 87 टक्के लोकांनी सांगितलं की कधी ना कधी एखाद्या क्लायंटबद्दल आकर्षण वाटलंय. बहुतेकांनी त्यावर कृती केली नव्हती, पण नुसतं वाटण्यानेच अनेकांना अपराधी, घाबरल्यासारखं झालं होतं, आणि या विषयावर धड ट्रेनिंग मिळालेले लोक फारच थोडे होते. मला यात धक्कादायक वाटतं ते शेवटचं. वाटणं माणसाच्या हातात नसतं, वागणं असतं आणि तिथे नियम एकदम स्पष्ट आहे, क्लायंटशी असं नातं ठेवायचं नाही म्हणजे नाही. पण ज्या गोष्टीचा उच्चारच करायची लाज वाटते ती सांभाळायची कशी हे कोण शिकवणार?

आणि हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. वर ज्यांचं नाव आलं ते कार्ल रॉजर्स, थेरपी या शब्दाबरोबर जगभर ज्यांचं नाव घेतात, ते शिकागो विद्यापीठात असताना 1950 च्या आसपास एका अतिशय आजारी क्लायंटबरोबरच्या कामात इतके गुंतत गेले की मी कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते हेच त्यांना कळेनासं झालं. शेवटी ते सगळं सोडून बायकोबरोबर शहराबाहेर निघून गेले, दोन-तीन महिने परत आलेच नाहीत. परतल्यावर त्यांनी आपल्याच सेंटरमधल्या सहकाऱ्याकडे स्वतः थेरपी घेतली. आणि हे त्यांनी नंतर लपवलं नाही, स्वतः लिहिलं, त्यामुळे तर आपल्याला माहीत आहे. न लिहिणारे किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

बाउंड्रीज, म्हणजे नात्यातल्या मर्यादा, हा शब्द हल्ली सगळेच वापरतात, पण या कामात तो फारच शब्दशः लागू होतो. नातं खरं असतं पण एकतर्फी असतं. क्लायंटचं लग्न, नोकरी, झोप, स्वप्नं, सगळं थेरपिस्टला माहीत, आणि क्लायंटला थेरपिस्टला मुलं आहेत का हेही माहीत नसतं. मग दुकानात, लिफ्टमध्ये, कोणाच्या तरी कार्यक्रमात समोरासमोर आले की ओळख दाखवायची की नाही? सर्वसाधारण पद्धत अशी की थेरपिस्ट आपणहून हाक मारत नाही, क्लायंटने मारली तर साधं हसून बोलायचं. बरोबर नवरा असेल आणि त्याने "ही कोण?" विचारलं तर काय सांगायचं, हेही आधी ठरवून ठेवावं लागतं. छोट्या गावात काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका, तिथे क्लायंट म्हणजे मुलाची शिक्षिका असते किंवा शेजारच्यांची सून, आणि दुसरा थेरपिस्ट जवळपास नसतोच त्यामुळे "माझ्याकडे नको, तिकडे जा" हेही म्हणता येत नाही. त्यात सोशल मीडिया. क्लायंटची फ्रेंड रिक्वेस्ट येते, स्वतःचा बीचवरचा फोटो टाकावा का असा प्रश्न पडतो, राजकीय मत टाकलं तर उद्या कोण दुखावेल याचा हिशोब.

गटाइल आणि गॅबर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1993 मध्ये यात एक कामाचा फरक सांगितला. काही वेळा रेषा ओलांडणं निरुपद्रवी असतं, उपयोगीही असतं, जसं की पाय घसरून पडलेल्या क्लायंटला हात देऊन उठवणं. आणि काही वेळा त्यातून क्लायंटचा फायदा घेतला जातो, नुकसान होतं. टोकाची उदाहरणं सगळ्यांनाच कळतात. गडबड मधल्या प्रदेशात आहे. दर वेळी दहा मिनिटं जास्त दिली जातायत, याच क्लायंटला रात्री उशिरा रिप्लाय दिला जातोय, याच्याच सेशनच्या दिवशी जरा बरे कपडे घातले जातायत, यातली एकेक गोष्ट काहीच नाही, पण सगळ्या मिळून कुठेतरी निघालेल्या असतात.

आता गोपनीयता. क्लायंटच्या बाजूने ती ढाल आहे, ती नसेल तर थेरपीच नाही. थेरपिस्टच्या बाजूने मात्र तिचा अर्थ असा की दिवसभरात घडलेल्या सगळ्यात मोठ्या गोष्टी तिला रात्री घरी सांगता येत नाहीत. "आज कसा गेला दिवस?" याला उत्तर "ठीक". तो दिवस कदाचित असा असेल की कोणीतरी वीस वर्षं मनात ठेवलेलं पहिल्यांदा तिच्यासमोर बोललं. किंवा कोणीतरी तिला तासभर शिव्या दिल्या. दोन्ही वेळेला "ठीक". बाकी कामांत वाईट दिवस गेला की आपण बॉसची नक्कल करून मोकळे होतो, इथे ते दारच बंद. आणि खासगी प्रॅक्टिस असेल तर शेजारच्या टेबलावर सहकारी पण नसतो. दिवसभर माणसांमध्ये असून एकटं पडण्याचं हे विचित्र कॉम्बिनेशन आहे.

शिवाय गुपित नेहमीच ठेवायचं असंही नाही, इथे कायदा येतो. सगळ्यात गाजलेलं प्रकरण कॅलिफोर्नियातलं, तारासॉफ खटला. 1969 मध्ये विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या सायकॉलॉजिस्टला सांगितलं की मी एका मुलीला मारणार आहे. सायकॉलॉजिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, विचारपूस केली, माणूस शुद्धीत वाटतोय म्हणून सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच काही सांगितलं नाही, आणि तिचा खून झाला. 1976 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कोणाच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीला वाचवण्यासाठी योग्य ते पाऊल उचलणं ही थेरपिस्टची जबाबदारी आहे. प्रत्येक देशात याचे नियम वेगळे आहेत, पण पेच सगळीकडे तोच. रागाच्या भरात "जीव घेईन त्याचा" असं म्हणणारे कितीतरी लोक असतात आणि त्यातले जवळजवळ सगळे कोणाला काही करत नाहीत. प्रत्येकाच्या वेळी पोलिसांना फोन केला तर उद्यापासून कोणी खरं बोलणार नाही, आणि ज्याच्या वेळी केला नाही तोच नेमका खरा निघाला तर आयुष्यभर ते डोक्यात राहणार. मुलांवरच्या अत्याचाराची गोष्ट कळली तर बऱ्याच ठिकाणी कळवणं बंधनकारकच असतं, मग ज्या मुलीने विश्वासाने सांगितलं तिला आपण फसवलं असं वाटतं, आणि न कळवणं तर त्याहून वाईट.

यातला सगळ्यात काळा कोपरा म्हणजे क्लायंटची आत्महत्या. 1988 च्या अमेरिकेतल्या अभ्यासांमध्ये जवळपास 51 टक्के सायकिअ‍ॅट्रिस्ट आणि 22 टक्के सायकॉलॉजिस्ट लोकांनी सांगितलं की निदान एक पेशंट आपण असा गमावलाय. म्हणजे हे क्वचित कोणाचं तरी दुर्दैव नाही, या पेशातली नेहमीची जोखीम आहे. कुटुंबातला माणूस गेला तर लोक येतात, बसतात. इथे थेरपिस्टला दुःख होतं पण त्या दुःखाला जागाच नाही. अंत्यदर्शनाला जावं की नाही हे कळत नाही, घरच्यांना भेटायला जावं तर ते दोष देतील, आणि त्यांनाही काय सांगायचं, गेलेल्या माणसाची गुपितंसुद्धा गुपितंच असतात. मग जुन्या नोट्स काढून वाचत बसणं, त्या शेवटच्या सेशनमध्ये मी काय म्हटलं, काय म्हणायला हवं होतं. चौकशी, कोर्ट याची भीती. आणि हे सगळं चालू असताना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुढचा क्लायंट, कदाचित तोही म्हणतोय की जगावंसं वाटत नाही, आणि आता तुम्ही एकतर गरजेपेक्षा जास्त घाबरताय नाहीतर ऐकूनही न ऐकल्यासारखं करताय. माझ्या मते प्रत्येक ट्रेनिंग कोर्समध्ये "असं झालं तर काय" यावर पूर्ण एक भाग असायला हवा.

आता त्या न कळण्याबद्दल. सुताराचं टेबल डुगडुगलं तर त्याला हात लावला की कळतं. थेरपिस्टला हे कळायची सोय नाही. क्लायंट म्हणतो "खूप बरं वाटलं", ते खरं असेल किंवा त्याला नाही म्हणायची सवयच नसेल, कदाचित त्याच कारणासाठी तो आलाय. कोणी बरं झालं तर त्यात थेरपीचा वाटा किती, नोकरी बदलल्याचा किती, नुसत्या काळाचा किती? आणि कितीतरी लोक मधेच येणं बंद करतात. 2012 मध्ये साडेसहाशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा साधारण पाचातला एक क्लायंट थेरपी अर्धवट सोडतो असं निघालं. का सोडतो हे बहुतेक वेळा समजतच नाही. बरा झाला म्हणून, पैसे संपले म्हणून, की माझं काहीतरी लागलं म्हणून? सिरीयल ऐन रंगात बंद पडावी आणि शेवट कधीच दाखवू नये तसं, फक्त इथे खऱ्या माणसाची काळजी असते.

याचा परिणाम असा होतो की थेरपिस्टचा स्वतःबद्दलचा अंदाज भलताच असू शकतो. एका अभ्यासात 129 व्यावसायिकांना विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता, तर पाव लोकांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत ठेवलं आणि सरासरीच्या खाली एकानेही ठेवलं नाही. गंमत वाटते ना, पण पुढचं ऐका. 2005 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात 550 क्लायंटबद्दल थेरपिस्टना विचारलं की यातल्या कोणाची तब्येत थेरपीच्या शेवटी सुरुवातीपेक्षा बिघडलेली असेल. त्यांनी फक्त 3 जणांची नावं सांगितली. प्रत्यक्षात 40 जणांची बिघडली, आणि त्या 3 अंदाजांपैकी बरोबर निघाला एकच. ही माणसं बेफिकीर नव्हती हो. आशा धरून राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे, आणि तीच आशा इथे डोळ्यांवर येते. 2016 मध्ये आणखी एक अभ्यास आला, 170 थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांहून जास्त क्लायंट, त्यात अनुभव वाढला तरी परिणाम सरासरी सुधारत नाहीत, उलट अगदी किंचित खाली येतात असं दिसलं. फक्त लोक सुरुवातीलाच सोडून जाण्याचं प्रमाण अनुभवाने कमी झालं. ज्याने वीस वर्षं घातली त्याला हे वाचून काय वाटत असेल!

यावर उपाय दिसायला अगदी साधा आहे, दर सेशनला क्लायंटकडून एक छोटा फॉर्म भरून घ्यायचा, कसं चाललंय, आजचं सेशन कसं वाटलं. त्याने घसरण लवकर पकडता येते हे दिसलंय. तरी बरेच थेरपिस्ट टाळतात. वेळ नाही, क्लायंटला यांत्रिक वाटेल, अशी कारणं देतात, आणि मला वाटतं आत कुठेतरी मार्क्स बघायची भीती पण असते, जी कोणालाही असेल.

मग बर्नआउट. हा शब्द आता कुठल्याही थकव्याला लावतात पण त्याची सुरुवात अशाच कामातून झाली. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे न्यूयॉर्कमधल्या एका मोफत क्लिनिकमध्ये काम करायचे, तिथल्या लोकांची आणि स्वतःची अवस्था बघून त्यांनी 1974 मध्ये त्यावर लिहिलं. 1981 मध्ये क्रिस्टिना मासलाक आणि सुझन जॅक्सन यांनी ते मोजायची प्रश्नावली काढली आणि त्यात तीन भाग ठेवले: आतून रिकामं होणं, लोकांना माणूस न समजता केस समजायला लागणं, आणि आपण काहीच साधत नाही असं वाटणं. यातला मधला भाग थेरपिस्टसाठी सगळ्यात घातक, कारण बाहेरून तो दिसत नाही, मान तशीच हलते, "हं" तसंच येतं, आत मात्र कोणी नसतं.

यापेक्षा वेगळी एक गोष्ट आहे. हिंसा, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार अशा केसेस वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांची जगाकडे बघायची नजरच बदलते, 1990 मध्ये मॅकान आणि पर्लमन यांनी यावर लिहिलं. थकवा सुट्टीने थोडा तरी जातो. हे तसं जात नाही. स्वतःच्या मुलीला मैत्रिणीकडे राहायला पाठवताना हात थरथरतो, प्रत्येक प्रेमळ काकाकडे संशयाने बघितलं जातं, आणि मुलीच्या दृष्टीने आई उगाच कटकट करते. कारण तर आई सांगू शकत नाही. पुन्हा तेच.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण लोकांना तो भाग लगेच कळतो. वर्षानुवर्षं शिक्षण, मग कमी पैशात किंवा फुकट प्रॅक्टिकल, सुपरव्हिजनचे पैसे स्वतःच्या खिशातून. प्रॅक्टिस सुरू झाली की क्लायंट आयत्या वेळी कॅन्सल करतात आणि तो तास गेला. संस्थेत नोकरी असेल तर एकामागे एक इतके लोक लावतात की दुपारनंतर नावं आठवत नाहीत. आणि आत्ताच रडून थांबलेल्या माणसाकडे फी मागणं, हे ज्यांना जमतं ते म्हणतात सवयीने जमतं. ज्यांना जमत नाही ते सगळ्यांना सवलत देत बसतात, मग भाडं भरायला जास्त क्लायंट घेतात, मग थकतात.

घरच्या आघाडीवर वेगळंच. नातेवाईक एकतर फुकटचा सल्ला मागतात नाहीतर भांडणात हमखास येणारं वाक्य, "तू थेरपिस्ट ना, मग तुला इतका राग कसा येतो?" जणू डेंटिस्टचा दात दुखतच नाही. उलटही होतं, दिवसभर ऐकून आलेल्या बाईला नवऱ्याचं ऑफिस-पुराण ऐकायला दहा मिनिटं लक्ष उरत नाही, आणि त्याला साहजिकच वाटतं की बाहेरच्यांना सगळं, मला काही नाही. थेरपिस्टचा स्वतःचा घटस्फोट चालू असतो आणि समोर जोडपं बसलेलं असतं. गरोदरपण तर लपवताही येत नाही, मूल गमावलेल्या क्लायंटसमोर ते पोट घेऊन बसायचं. 1994 मध्ये छापलेल्या एका सर्व्हेत अमेरिकेतल्या 476 सायकॉलॉजिस्टपैकी 61 टक्के लोकांनी सांगितलं की आयुष्यात एकदा तरी डिप्रेशन येऊन गेलंय, आणि 84 टक्के लोकांनी स्वतः थेरपी घेतलेली होती. दुसरा आकडा मला दिलासा देणारा वाटतो. तरीही स्वतःसाठी मदत मागताना अनेकजण कचरतात, कारण गावातले सगळे थेरपिस्ट ओळखीचे, आणि "हिलाच मदत लागते तर ही काय करणार" हा विचार इतरांच्या आधी स्वतःच्याच मनात येतो.

मग टिकतात कसे लोक? सुगंधी मेणबत्त्या आणि योगा मॅटने नाही, एवढं नक्की. व्यायाम, झोप चांगलीच, पण इथली अडचण न कळण्याची आणि न सांगता येण्याची आहे, त्यामुळे मदतही तिथेच लागते. सुपरव्हिजन म्हणजे ठरावीक दिवशी अनुभवी माणसासमोर बसून, क्लायंटची ओळख झाकून, आपलं काम उघडं करणं, "या बाईंचा मला राग येतो, का येतो ते बघायला मदत करा" असं. 1920 मध्ये बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचं क्लिनिक सुरू झालं तिथल्या ट्रेनिंगपासून ही पद्धत रुळत गेली. यात गोपनीयताही राहते आणि बोलताही येतं, आणि माझ्या मते या पेशात याच्याइतकी कामाची सोय दुसरी नाही. काही देशांत ती कायम सक्तीची आहे, काही ठिकाणी शिकतानाच असते आणि लायसन्स मिळालं की बंद, जे मला अजिबात पटत नाही. फ्रॉइडने तर 1937 मध्ये सुचवलं होतं की विश्लेषकाने दर पाच वर्षांनी पुन्हा स्वतःचं विश्लेषण करून घ्यावं आणि त्यात लाज वाटून घेऊ नये. बाकी मग केसेसची सरमिसळ ठेवणं, सगळ्या अत्याचाराच्याच नकोत, दिवसाला किती लोक याची मर्यादा, समवयस्क थेरपिस्टचा एखादा ग्रुप.

हे सगळं वाचून तुम्ही स्वतः थेरपी घेत असाल आणि वाटलं असेल की अरेरे, बिचारीवर आपण किती भार टाकतो, आता जरा कमी सांगावं, तर तसं अजिबात करू नका. तिला सांभाळणं हे तुमचं काम नाही, त्यासाठी तिचं सुपरव्हिजन आहे, आणि तुम्ही जपून बोलायला लागलात तर तिला आहे त्याहून कमी कळेल. उलट जे बोलायला संकोच वाटतो तेच बोला. मागच्या वेळचं तुमचं वाक्य मला लागलं, हा व्यायाम मी केलाच नाही, तीन महिने झाले आणि काही फरक वाटत नाही. चांगली थेरपिस्ट यावर चिडणार नाही, क्षणभर गडबडेल फार तर, आणि मग कामाला लागेल. ती चिडलीच, किंवा सगळं तुमच्यावरच ढकललं, तर तीही तुम्हाला मिळालेली माहितीच आहे, दुसरीकडे जायला मोकळे व्हा. आणि बंद करायचं असेल तर फोन न उचलता गायब होण्यापेक्षा एक मेसेज टाका, जमलं तर एक शेवटचं सेशन घ्या आणि काय उपयोगी पडलं, काय नाही पडलं हे स्पष्ट सांगा. त्या सेशनचीही फी लागेल, तेवढं धरून चला.